सात नंबरच्या कॉम्प्युटरवरची पाळी

फुकट खेळांबद्दल माझी मतं कडक आहेत आणि ती मी कुणी न विचारताही सांगते. ज्या खेळाचा आवाज बंद करायचं बटण शोधावं लागतं, तो नापास. जो सुरू होण्याआधी नाव, गाव, जन्मतारीख विचारतो, तोही नापास. मी खेळायला आलेय, स्थळ म्हणून नाही. पहिल्या मिनिटात मारून टाकणारा खेळ उर्मट, आणि पहिल्या मिनिटात 'वा, शाब्बास' म्हणणारा लाळघोटा. फुकट आहे म्हणून खेळणाऱ्याने काहीही चालवून घ्यावं, हे मला मुळीच मान्य नाही. फुकट खेळात पैसे जात नसतील, पण सकाळ जाते, आणि गेलेली सकाळ कुणी परत आणून देत नाही.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी टायपिंग इन्स्टिट्यूटबद्दल लिहीन. "सुनंदाताई, किती मुलींना शिकवलंत तुम्ही!" असं म्हणून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा प्रयत्नही केला. शिकवलं खरं, पण ते वडिलांनी सुरू केलेलं काम होतं, मी फक्त पुढे रेटलं. माझं स्वतःचं म्हणावं असं काम एकच, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातलं सायबर कॅफे. आणि त्यातही ज्याचा मला खरा अभिमान आहे ते म्हणजे खेळ निवडणं. बाई चहा संपवून जरा नाराजीनेच गेल्या.

आधी धंदा समजावून सांगते, कारण हल्लीच्या मुलांना सायबर कॅफे म्हणजे काय हेही सांगावं लागतं. माझ्याकडे सात कॉम्प्युटर होते, मध्ये प्लायवुडच्या फळ्या, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग लहर लागली तर जोडून द्यायचा. लोक निकाल बघायला, परदेशातल्या भावाला पत्र पाठवायला, नोकरीचा अर्ज भरायला यायचे. पान उघडायला इतका वेळ लागे की निम्मी माणसं कंटाळून उठून जात. त्यांना खुर्चीत टिकवायचं तर हाताला काहीतरी चाळा हवा. तो चाळा म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारे फुकट खेळ. सीडी नको, काही उतरवून घ्यायला नको. एकदा पान उघडलं की खेळ समोर. असे खेळ रोज नवे निघत, आणि त्यातले नव्वद टक्के टाकाऊ असत. निवडून ठेवायचे कुणी? मीच.

कापडाच्या मिल बंद झाल्या होत्या आणि नवं आर्थिक धोरण आलं होतं. त्यामुळे आमच्या गल्लीत दोनच गोष्टी दिसायच्या: ओट्यावर बसलेली रिकामी माणसं आणि काचेच्या दारांची नवी दुकानं. माझं दुकान दुसऱ्या प्रकारातलं आणि शेजारी सगळे पहिल्या प्रकारातले. वामनकाका त्यांच्यापैकीच एक. मिलमध्ये विणाई खात्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांची एक रांग ज्याच्या ताब्यात असते तो. माग बिघडला तर दुरुस्त करायचा आणि विणकर चुकला तर दोन शब्द सुनवायचे. मिल बंद झाल्यावर माग गेले, सुनवायची सवय तेवढी राहिली.

एका सकाळी काका एक अर्ज टाइप करून घ्यायला आले. मी एका बंदुकीच्या खेळाची परीक्षा घेत होते. काका पाठीमागे उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "हे गलत आहे."

"काय गलत आहे?"

"मेलेला माणूस परत उठला. परत उठणारच होता, तर मारला कशाला? फालतू में गोळी वाया."

मी खेळ बंद केला. जे मला आठवडाभर खटकत होतं आणि सांगता येत नव्हतं, ते या माणसाने अर्ज हातात धरून उभ्याउभ्या सांगितलं होतं. मी म्हटलं, "काका, सकाळी गिऱ्हाईक नसतं. सात नंबरचा कॉम्प्युटर सगळ्यात जुना आहे, त्यावर रोज बसा. नवे खेळ तपासा आणि पास की नापास ते मला सांगा. फुकटचे खेळ, फुकटची खुर्ची, चहा तेवढा माझा."

दुसऱ्या दिवशी काका रामसजीवनला घेऊन आले. रामसजीवन त्यांच्या रांगेतला विणकर. आजोबांच्या काळापासून त्यांचं घर परदेशीपुऱ्यात, बोलणं हिंदी आणि हसणं सात घरांपलीकडे ऐकू जाणारं. तिसऱ्या दिवशी आणखी तिघे आले. महिनाभरात ते अकरा झाले, एक वायरमन सोडला तर सगळे एकाच रांगेतले. मी भिंतीवर एक फळा टांगला: डावीकडे पास, उजवीकडे नापास, कारणासहित. कॉलेजची मुलं आत आली की आधी फळा वाचायची, मग खुर्ची पकडायची.

कारणं काकांच्या तोंडची आणि अक्षर माझं. 'यात डोकं नाही, नुसतं बोट झिजतं.' 'खेळ कमी, जाहिरात जास्त.' 'गाडी भिंतीवर आपटली तरी खरचटत नाही, म्हणून भीती नाही, म्हणून मजा नाही.' एका स्वयंपाकाच्या खेळाला रामसजीवनने नापास केलं, कारण त्यात पोळी एकाच बाजूने भाजत होती. मी म्हटलं, अरे, खेळ आहे तो. तो म्हणाला, "दीदी, जिसने रोटी नहीं देखी, वो खेल क्या बनाएगा?" लिहिलं फळ्यावर.

सगळ्यांना एकमताने पास झालेला खेळ एकच, मण्यांचा. वरून रंगीत मणी पडतात, खाली एक वाटी असते. बाणाच्या बटणांनी वाटी डावी-उजवीकडे सरकवायची आणि लांब बटण दाबून तिचा रंग बदलायचा. ज्या रंगाचा मणी, त्याच रंगाची वाटी हवी. तीन मणी चुकले की खेळ खलास. वेग वाढत वाढत एका ठिकाणी येऊन थांबतो, आणि मग तुम्ही किती वेळ टिकता एवढाच प्रश्न उरतो. ना बंदूक, ना राक्षस, ना वाढदिवस विचारणं. फिनलंड देशातल्या मिको नावाच्या कुणा विद्यार्थ्याने तो बनवला होता. मी स्वतः त्यात वीस मिनिटांच्या पुढे कधी गेले नाही, आणि मी काही कच्ची खेळाडू नव्हते.

या लोकांची गोष्टच वेगळी. एकाचा तास झाला की दुसरा त्याच्या शेजारी खुर्ची ओढायचा, थोडा वेळ नुसतं बघायचा, मग त्याच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवायचा. पहिला म्हणायचा "ले", दुसरा म्हणायचा "लिया", आणि खेळ न थांबता पुढे चालू. मिलमध्ये पाळी बदलताना असंच असायचं, काकांनी मला सांगितलं. बदलीचा माणूस मागापाशी येऊन उभा राहिल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही आणि माग बंद करायचा नाही. त्यांना हे खेळातही करावंसं वाटलं, यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र ते बघताना काम सुचायचं नाही.

एक दिवस त्यांनी ठरवून पूर्ण पाळी भरली. सकाळी आठला खेळ सुरू केला आणि चारला काकांनी 'थांबा'चं बटण दाबलं. मध्ये फक्त एक मणी चुकला. आकडा एवढा मोठा झाला की पडद्यावरच्या चौकटीत मावेना. खेळाने विचारलं, नाव काय लिहू?

मी म्हटलं, "काका, तुमचं टाकते."

"माझं कशाला? मी एकट्याने थोडंच केलंय? माग नंबर टाक."

"म्हणजे?"

"अगं, कापडावर विणकराचं नाव कुठं असतं? कुठल्या मागावर निघालं, तो नंबर पडतो. हा सात नंबर आहे ना? मग टाक, लूम सेव्हन."

मी टाकलं. जगाच्या यादीत सगळ्यात वर 'लूम सेव्हन' झळकलं. रामसजीवनने कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली. अकरा माणसं आणि मी, सात फूट रुंदीच्या जागेत उभे राहून खात होतो. दुकानात त्या दिवशी एकही कीबोर्ड असा उरला नाही ज्यावर शेव पडली नाही.

आठवड्याने सकाळी मी पान उघडलं तर यादीत वर दुसरंच नाव. आपलं खाली गेलं असेल म्हणून शोधलं, कुठंच नाही. मग पानाच्या तळाशी एक वेगळी यादी दिसली, लबाडांची. लोक कधीकधी स्वतः न खेळता खेळणारा प्रोग्राम लावून देत, त्यांची नावं मिको तिथे सगळ्या जगासमोर टांगत असे. त्या यादीत पहिलं नाव 'लूम सेव्हन'. पुढे कंसात 'यंत्र'.

इथे मी एक चूक केली, ती आजही मला बोचते. काका आले तेव्हा मी त्यांना यादी दाखवली आणि विचारलं, "काका, कुणी काही लबाडी तर नाही ना केली?"

काकांना इंग्रजी फार येत नसे, पण 'चीटर' हा शब्द वाचता येत होता. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "एकतीस वर्षांत मिलने मला एक चार्जशीट नाही दिली, सुनंदा. एक नाही. मिल बंद झाली तेव्हासुद्धा माझ्या कागदावर लाल शाई नव्हती. आता या वयात लबाड म्हणून जगात नाव टांगलंय, आणि तू मला विचारतेस?" चष्मा खिशात घालून ते निघून गेले. चार दिवस सात नंबरची खुर्ची रिकामी होती. बाकीचे दहाही आले नाहीत. जॉबर नाही तर रांग नाही, असाच त्यांचा हिशेब.

पाचव्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. म्हटलं, "काका, माझं चुकलं. पण तुम्ही असे घरी बसलात तर नाव तिथंच टांगलेलं राहील. मी त्या मुलाला पत्र लिहिते, तुम्ही चला."

काका उठले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून काकूंना म्हणाले, "अगं, माझा शर्ट दे."

पत्र मी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या साच्यात लिहिलं: माननीय महोदय, आपल्या यादीच्या संदर्भात सविनय कळवण्यात येते की, वगैरे. समास सोडून, परिच्छेद पाडून. मिकोचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते तीनच ओळींचं होतं. मला महोदय म्हणू नका, मी एकोणीस वर्षांचा आहे. कुठलाही माणूस आठ तास या वेगाने खेळू शकत नाही. आणि तुम्ही नावातच लिहिलंय की हे यंत्र आहे.

मी साचाबिचा सोडून दिला आणि सरळ लिहिलं, एक माणूस नाही, अकरा आहेत. कापड गिरणीतले विणकर आहेत. खेळ चालू ठेवून पाळी बदलतात. आणि नाव नव्हे, तो माग नंबर आहे. या पत्राचं उत्तर यायला दोन दिवस लागले. त्याला खरं वाटत नव्हतं, पण खोटं म्हणायचाही धीर होत नव्हता. त्याने परीक्षा सुचवली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी आम्ही पुन्हा आठ तास खेळायचं. खेळ दर मिनिटाला त्याच्याकडे खबर पाठवत राहील आणि तो तिकडे बसून बघेल. मध्ये तो खेळात काहीतरी बदल करेल. काय आणि कधी, ते सांगणार नाही. खेळ मध्येच तुटला तर नाव त्याच यादीत राहील.

काकांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "लिही, मंजूर."

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला काका स्वतः पहिले बसले. मी दारावर 'आज बंद' अशी पाटी लावली होती, पण बातमी फुटली होती आणि बाहेर ओट्यावर निम्मी गल्ली जमली होती. काकू एका डब्यात भजी घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत. दर तासाला "ले", "लिया". पहिले दोन तास इतके सुरळीत गेले की मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

बारा वाजून गेल्यावर वीज गेली. त्या काळी आमच्याकडे वीज जायला कारण लागत नसे आणि यायला मुहूर्त लागे. सात नंबरला आणि मोडेमला मिळून एक जुनाट यूपीएस होता, तो जेमतेम दहा मिनिटं टिकायचा. तो चिरकायला लागला. खेळत होता तो जगन्नाथ नावाचा विणकर, त्याने मान वर केली नाही. काका ओरडले, "इस्माइलभाई, कुछ करो!"

इस्माइलभाई मिलचे वायरमन, अकरांपैकीच एक. ते आधीच धावत सुटले होते. इंदूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलच्या झांक्या निघतात. ट्रॉलीवर हलणारे देव, राक्षस, दिव्यांच्या माळा. मिल बंद झाल्या तरी कामगारांनी झांक्या बंद केल्या नव्हत्या. मागच्या गल्लीत एका शेडमध्ये त्या वर्षीची झांकी तयार होत होती आणि तिथे जनरेटर होता. त्या क्षणी त्याच्यावर शेषनागाचा फणा हलतो की नाही ते बघणं चाललं होतं.

मला शेडमधून इस्माइलभाईंचा आवाज ऐकू आला, "शेषनाग बंद करो! वायर इधर दो!" मग छपरांवरून, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साड्यांमधून, एक केबल आली. मागून इस्माइलभाई, त्यांच्या मागून झांकीवाली चार माणसं. यूपीएस आता एकसारखा चिरकत होता. इस्माइलभाईंनी गुडघ्यावर बसून जोडणी केली, एकदा ठिणगी उडाली, काकूंनी रामाचं नाव घेतलं, आणि चिरकणं थांबलं. पंखा फिरायला लागला. जगन्नाथ तोपर्यंत एकही मणी चुकला नव्हता. त्याने फक्त एवढंच विचारलं, "लाइट गया था क्या?"

दुपारी तीनच्या सुमाराला रामसजीवनची पाळी होती. लाल, हिरवा, निळा, पिवळा, लाल, आणि एकदम वरून पांढरा मणी आला. पांढरा मणी त्या खेळात नव्हताच. "अरे, ये सफेद कहाँ से आ गया भिया!" रामसजीवन खुर्चीतून अर्धा उठला आणि मणी चुकला. त्या धक्क्यात पुढचा लालही गेला. दोन चुकले. आणखी एक गेला की सगळं संपलं.

मी डोळे मिटून घेतले. काका मात्र त्याच्या कानाशी वाकून जॉबरच्या आवाजात म्हणाले, "हात मत उठा. रंग बदलता जा. सफेद मिलेगा." रामसजीवनने लांब बटण दाबत रंग फिरवला. लाल, हिरवा, निळा, पिवळा, आणि त्याच्यापुढे पांढरा आला, जो पूर्वी कधीच येत नसे. पुढचा पांढरा मणी वाटीत पडला. आम्ही ओरडलो ते बाहेरच्या ओट्यावर पोचलं आणि तिकडूनही ओरडणं परत आलं.

शेवटचे तीन तास कसे गेले ते मला सांगता येणार नाही. आता एकही चूक परवडणार नव्हती. खेळणारा घामाने भिजायचा, बदलीवाला त्याचं कपाळ पुसून मग बसायचा. सहाला काकांनी बटण दाबलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि काका रामसजीवनवर बरसत होते. "दोन मणी! दोन! आठ तासांची परीक्षा देतोय आपण आणि हा खुर्चीतून उडतो! त्याने आता त्या यादीतून नाव काढलं नाही तर तुझ्यामुळे!" बिचारा रामसजीवन पायातल्या चपलेकडे बघत उभा होता. त्याला पहिल्यांदाच हसू येत नव्हतं.

मिकोचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मी ते अकराही जणांसमोर मराठीत करत करत वाचलं. त्याने लिहिलं होतं, मी दिवसभर बघत होतो. दर तासाला हात बदलत होता, ते आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. एक हात घाईचा, एक संथ, एक असा की घड्याळ त्याच्यावर लावावं. तरीही मला शंका होती. पण पांढरा मणी आला तेव्हा तुमच्यातला एक जण दचकला. यंत्र दचकत नाही. मला माफ करा.

वाचून झाल्यावर काका उठले, रामसजीवनपाशी गेले आणि म्हणाले, "तू उडालास म्हणून सुटलो रे आपण." रामसजीवनने त्यांना कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं. तो जो हसला, तो बहुतेक राजवाड्यापर्यंत ऐकू गेला असेल. दुपारी काकांनी त्याला स्वतःच्या हाताने दोन कचोऱ्या आणून खाऊ घातल्या, आणि जॉबरने विणकराला कचोरी आणून देणं ही गोष्ट मिलच्या इतिहासात झाली नसावी.

पत्रात खाली आणखी एक ओळ होती. मिकोने विचारलं होतं, हा खेळ तुमच्याइतका वेळ जगात कुणी खेळलेला नाही, तर यात काय बदलायला हवं ते मला सांगाल का?

काकांनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. "आम्हाला विचारतोय?"

"तुम्हालाच."

काका खुर्चीत नीट बसले, आणि मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं. "त्याला लिही, खेळ चांगला आहे. पण माणूस हरला की तू एकदम काळा पडदा टाकतोस. ते बरोबर नाही. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि कुठला धागा तुटला ते दिसतं. तिथं गाठ मारायची, परत चालू. तुझा खेळ थांबतो, पण कुठं तुटलं ते दाखवत नाही. माणूस घरी जाऊन रातभर विचार करतो, माझं चुकलं कुठं? हरव, हरवायला ना नाही. पण दाखव."

फुकट खेळांबद्दल मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ बोलले, फळे भरून लिहिलं. याच्यापेक्षा शहाणं मत मला कुणी सांगितलेलं नाही. पुढे मोबाइल आले, कॅफे बंद झालं, आणि कॉम्प्युटर विकताना ती पत्रं मी कुठंही उतरवून ठेवली नाहीत, याची मला खंत आहे. पण काकांचं वाक्य मला पाठ आहे.

तीन आठवड्यांनी मिकोने कळवलं, नवा खेळ चढवलाय, बघा. सगळे जमले. मला वाटलं, काका नेहमीप्रमाणे तासभर खेळतील. त्यांनी खेळ सुरू केला, पाच-दहा मणी झेलले, आणि बोटं उचलून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"काका, मणी!" जगन्नाथ ओरडला.

"पडू दे."

एक पडला. दुसरा पडला. ज्या माणसाने एका मण्यासाठी रामसजीवनला फाडून खाल्लं होतं, तो शांत बसून बघत होता. तिसरा पडला आणि खेळ थांबला. पडदा काळा झाला नाही. सगळं जिथल्या तिथे राहिलं, आणि जिथे मणी सुटला होता ती जागा हळूहळू लुकलुकायला लागली. खाली लाल वाटी, वर हिरवा मणी.

काकांनी पुढे वाकून त्या जागेवर बोट ठेवलं. "हे बघा. इथं." मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "मिल बंद केली तेव्हा आम्हाला एवढं कुणी दाखवलं नाही. दारावर कागद लावला आणि गेले. मी किती वर्षं विचार करत होतो, कुठं तुटलं, माझ्या रांगेत तुटलं का. एवढं दाखवलं असतं तरी पुष्कळ होतं."

इस्माइलभाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. रामसजीवन हळूच म्हणाला, "आपकी लाइन में नहीं टूटा था, जॉबरजी. हमको मालूम है."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आम्हा सगळ्यांवर डाफरले, "बघत काय उभे राहिलात? खेळायचंय की नाही?" आणि त्यांनी बटण दाबलं. आकडा शून्यावर आला, पहिला मणी वरून निघाला, आणि काका हसत हसत वाटी त्याच्याखाली सरकवत होते.